सूत्रातला ‘एल’ कोणी ठरवला?

निवासी डॉक्टरांच्या प्रबंधाचा आराखडा हातात घेतला की ‘साहित्य आणि पद्धती’ या शीर्षकाखाली एक ओळ हटकून भेटते : एन बरोबर चार पीक्यू भागिले एल वर्ग. अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे ते या सूत्राने ठरते, निदान ठरल्याचे दाखवले जाते. पी म्हणजे त्या आजाराचे किंवा लक्षणाचे आधीच्या अभ्यासांत आढळलेले शेकडा प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा करून उरते ते, आणि एल म्हणजे आपल्या उत्तरात किती चूक आपण खपवून घेणार आहोत त्याची मर्यादा. चार हा आकडा १.९६ चा वर्ग, म्हणजे ३.८४, सोयीसाठी पूर्णांकात आणल्यामुळे येतो आणि त्यामागे ९५ टक्के विश्वासपातळीचे गृहीतक असते.

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे संख्याशास्त्र शिकवले, आणि निवृत्तीनंतर नवी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे आराखडे तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर, वैद्यकबाह्य सदस्य म्हणून जाऊ लागले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीत ७ ते १५ सदस्य असावे लागतात, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात, अध्यक्ष बाहेरचाच असतो, आणि डॉक्टरांबरोबर एक कायदा जाणणारा, एक समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राचा अभ्यासक आणि एक सामान्य नागरिक असणे अपेक्षित असते. सामान्य नागरिकाचे काम मुख्यतः संमतीपत्रक आणि माहितीपत्रक वाचण्याचे. माझी नजर मात्र जुन्या सवयीने आधी सूत्राकडे जाते, आणि तिथे जे दिसते तेच या लेखाचे निमित्त आहे. वैद्यकीय शिक्षणात जीवसांख्यिकी आणि नीतिशास्त्र हे दोन विषय निरनिराळ्या तासांना, निरनिराळ्या शिक्षकांकडून, निरनिराळ्या परीक्षांसाठी शिकवले जातात. आमच्या टेबलावर मात्र ते एकाच कागदावर येतात, आणि एकातली हयगय दुसऱ्यातली हयगय ठरते.

समजा, एखाद्या लक्षणाचे प्रमाण ३० टक्के आहे. चार गुणिले ३० गुणिले ७० म्हणजे ८४००. आता एल १० धरला तर भागाकार ८४ येतो. एल हा पीच्या २० टक्के, म्हणजे ६, धरला तर २३४ रुग्ण लागतात. एल ५ धरला तर ३३६. सूत्र तेच, आजार तोच, रुग्णालयही तेच. तरी रुग्णसंख्या चौपट होऊ शकते, आणि हे सगळे त्या एका अक्षरावर अवलंबून असते. बहुतेक आराखड्यांत एल कशाच्या आधारे निवडला याबद्दल अवाक्षर नसते. प्रत्यक्षात गणित उलटे झालेले असते : दीड-दोन वर्षांत विभागात किती रुग्ण येतील याचा अंदाज आधी, आणि त्या अंदाजाला जुळणारा एल नंतर.

एका बैठकीत मेडिसिनच्या प्रथम वर्षाच्या निवासी डॉक्टरला मी हे विचारले. ती क्षणभर घुटमळली, आणि मग तिने सरळ सांगून टाकले, “मॅडम, आपल्याकडे अशा केसेस वर्षाला पन्नासच्या आसपासच येतात. सर म्हणाले, नव्वदच्या आत बसव.” मी तिला म्हटले, “डॉक्टर, मग हेच लिहा ना. उपलब्ध कालावधीत इतकेच रुग्ण मिळू शकतात, त्यामुळे उत्तरात दहा टक्क्यांपर्यंत फरक राहू शकेल, असे लिहिलेत तर समितीला ते चालेल.” तिच्या चेहऱ्यावर सुटका आणि अविश्वास यांचे मिश्रण होते. मर्यादा उघड मांडणे हा कमीपणा आहे, अशी समजूत या मुलांच्या मनात इतकी खोल रुजलेली असते की खरे कारण सांगण्यापेक्षा खोटे सूत्र लिहिणे त्यांना सुरक्षित वाटते.

यात नीतीचा प्रश्न कुठे आला, असे काही मार्गदर्शक विचारतात. तो असा येतो. वरील सूत्र फक्त एखाद्या गोष्टीचे प्रमाण किती हे मोजण्यासाठी आहे. दोन उपचारांची तुलना करायची असेल तर ते लागूच पडत नाही. तिथे अपेक्षित फरक किती आणि तो पकडण्याची अभ्यासाची ताकद किती, याचा हिशेब करावा लागतो. गुंतागुंतीचे प्रमाण एका पद्धतीत ३० टक्के आणि दुसऱ्या पद्धतीत २० टक्के असेल, आणि हा फरक ८० टक्के खात्रीने टिपायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे २९० रुग्ण हवेत. त्याऐवजी ८४ रुग्ण घेऊन त्यांचे ४२-४२ असे दोन गट पाडले, तर खरा फरक अस्तित्वात असूनही पाचपैकी चार वेळा तो निसटून जाईल. म्हणजे ८४ माणसांच्या शिरेतून जास्तीचे रक्त घेतले गेले, त्यांना जास्तीच्या फेऱ्या पडल्या, त्यांच्यातल्या काहींनी चिठ्ठीने ठरलेला उपचार स्वीकारला, आणि हे सगळे अशा प्रश्नासाठी की ज्याचे उत्तर मिळणार नाही हे पहिल्या दिवशीच ठाऊक असायला हवे होते. उरण-पनवेलकडून येणारा किंवा दिवा-मुंब्र्याहून गाडीला लोंबकळत कळव्याच्या रुग्णालयात पोहोचणारा रुग्ण ‘ज्ञानात भर पडेल’ या आश्वासनावर अंगठा उठवतो. भर पडणारच नसेल तर ते आश्वासन असत्य ठरते, मग संमतीपत्रक कितीही सुबक असो.

आता अभ्यासक्रम काय म्हणतो ते पाहू. एमबीबीएससाठी २०१९ पासून क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत : चिकित्सक, आरोग्यसंघाचा नेता आणि सदस्य, संवादक, आयुष्यभर शिकत राहणारा, आणि व्यावसायिक. वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ नावाचा स्वतंत्र भाग पहिल्या वर्षापासून शिकवला जातो. जीवसांख्यिकी मात्र पीएसएमच्या, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या, पोटात राहते आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन एवढ्यावर आटोपते. पदव्युत्तर शिक्षणाच्या २०२३ च्या नियमांतही संशोधन पद्धतीचा एक अभ्यासक्रम आणि नीतीचा दुसरा अभ्यासक्रम असे दोन वेगळे रकाने आहेत. दोन्ही प्रमाणपत्रे फायलीत लागतात. चार पीक्यूच्या एलचा प्रश्न दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो.

क्षमता या शब्दाचा सध्या फार बोलबाला आहे, म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय मूल्यमापनाचा जो चार पायऱ्यांचा मनोरा मांडला, त्यात सर्वांत खाली ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसे करायचे ते माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवतो’ आणि टोकाला ‘प्रत्यक्षात करतो’ अशा पायऱ्या आहेत. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये डंडी इथे विकसित केलेली ओस्की परीक्षा आज आपल्याकडेही घेतली जाते. तीत विद्यार्थी बनावट रुग्णासमोर पाच मिनिटांत संमती घेऊन दाखवतो, आणि ती फार तर तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचते. चौथी पायरी रात्री दोन वाजता वॉर्डात असते, जिथे परीक्षक नसतो.

वॉर्डातली ही पायरी मी एकदा कागदावर पाहिली. चालू अभ्यासांची मधूनमधून पाहणी करणे हे समितीचे काम असते, आणि त्या पाहणीत आम्ही एका अभ्यासाची संमतीपत्रकांची फाइल उघडली. कुठल्या रुग्णालयातली, ते महत्त्वाचे नाही. लागोपाठच्या कित्येक पत्रकांवर एकाच निळ्या पेनाची शाई, तारीख लिहिणारे अक्षरही एकच. शेजारच्या रकान्यात दाखल झाल्याच्या तारखा मात्र निरनिराळ्या आठवड्यांतल्या. जिथे अंगठा होता तिथे साक्षीदार म्हणून प्रत्येक पानावर वॉर्डातल्या मावशींची सही. सहभागी व्यक्तीला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो, आणि तो संशोधन करणाऱ्यांच्या हाताखालचा असू नये, एवढा साधा नियम आहे. त्या मावशी बिचाऱ्या डॉक्टर सांगतील तिथे सही करणार. त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. निवासी डॉक्टरलाही पूर्ण दोष देववत नाही, कारण सलग छत्तीस तास कामावर असलेल्या माणसाने प्रत्येक रुग्णापाशी बसून चार पाने वाचून दाखवावीत अशी अपेक्षा कागदावरच शोभते. पण मग रुग्णसंख्या ठरवतानाच हा प्रश्न विचारायला हवा होता : तुझ्याकडे किती माणसांशी नीट बोलण्याइतका वेळ आहे? एलच्या निवडीत हाही एक निकष असू शकतो, आणि तो कुठल्याही संख्याशास्त्राच्या पुस्तकात नाही.

संशोधनाबाहेरच्या रोजच्या बाह्यरुग्ण विभागात आकडे आणि नीती यांची गाठ याहून अधिक वेळा पडते. घोडबंदर रस्त्याने जाताना साठ-सत्तर चाचण्यांच्या ‘फुल बॉडी चेकअप’चे फलक ओळीने दिसतात. प्रयोगशाळेच्या अहवालात प्रत्येक चाचणीपुढे जी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते, ती साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के जिच्यात बसतील अशी आखलेली असते. याचा अर्थ, पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता प्रत्येक चाचणीत ५ टक्के. चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानले, तर वीस चाचण्यांत निदान एक तरी ‘असामान्य’ निघण्याची शक्यता ६४ टक्के भरते. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी निगडित असतात, त्यामुळे नेमका आकडा बदलेल, पण दिशा बदलणार नाही. ठळक अक्षरात छापलेला तो एक आकडा पाहून घाबरलेला माणूस तरुण डॉक्टरपुढे येऊन बसतो. डॉक्टरला हे गणित येत नसेल तर तो आणखी चार चाचण्या लिहून देतो, आणि त्यांतूनही एखादी मर्यादेबाहेर जाण्याची सोय होते. इथे लोभाचा प्रश्न आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण मला वाटते की पुष्कळदा लोभापेक्षा अज्ञान मोठे असते, आणि अज्ञान शिकवून कमी करता येते.

हे अज्ञान आपल्यापुरते नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतल्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला गेला : हजारात एकाला होणारा आजार आहे, चाचणीत निरोगी माणसालाही ५ टक्के वेळा चुकीचा होकार येतो, तर होकार आलेल्या माणसाला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? ६० पैकी ११ जणांनीच बरोबर उत्तर दिले. सर्वाधिक दिलेले उत्तर होते ९५ टक्के. बरोबर उत्तर आहे सुमारे २ टक्के. २०१४ मध्ये हाच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा ६१ पैकी १४ जणांना तो सुटला. टक्केवारी बाजूला ठेवून माणसे मोजली की उत्तर बोटांवर येते : हजार माणसांत एक आजारी, उरलेल्या ९९९ पैकी पन्नास जणांना चुकीचा होकार, म्हणजे होकार आलेल्या ५१ जणांत खरा रुग्ण एक. ही पद्धत रुग्णाला समजावतानाही वापरता येते, आणि माझ्या मते निवासी डॉक्टरला शिकवायची पहिली गोष्ट हीच असावी.

खरा आकडाही दिशाभूल करू शकतो, हे तर आणखी अवघड प्रकरण. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये मूतखड्यावरच्या उपचारांची एक तुलना प्रसिद्ध झाली. उघडी शस्त्रक्रिया झालेल्या ३५० रुग्णांपैकी २७३, म्हणजे ७८ टक्के, यशस्वी ठरले. दुर्बिणीने त्वचेतून खडा काढलेल्या ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. वरवर पाहता दुर्बीण सरस. पण खड्याच्या आकारानुसार वेगवेगळे पाहिले, तर लहान खड्यांत उघड्या शस्त्रक्रियेचे यश ८७ पैकी ८१, म्हणजे ९३ टक्के, आणि दुर्बिणीचे २७० पैकी २३४, म्हणजे ८७ टक्के. मोठ्या खड्यांत उघड्या शस्त्रक्रियेचे २६३ पैकी १९२, म्हणजे ७३ टक्के, आणि दुर्बिणीचे ८० पैकी ५५, म्हणजे ६९ टक्के. दोन्ही प्रकारांत उघडी शस्त्रक्रिया पुढे, आणि बेरजेत मागे! कारण उघड आहे : अवघड, मोठे खडे शल्यचिकित्सकांनी उघड्या शस्त्रक्रियेकडे पाठवले आणि सोपे दुर्बिणीकडे. जुन्या नोंदी काढून दोन पद्धतींची तुलना करणारे प्रबंध आमच्याकडे दर वर्षी येतात, आणि रुग्णांची वाटणी कोणी, कशी केली हे त्यांतल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलेच नसते. उद्या हाच डॉक्टर मोठा खडा असलेल्या रुग्णाला “याचे यश ८३ टक्के आहे” असे सांगेल. तो खोटे बोललेला नसेल, पण रुग्णाने घेतलेला निर्णय चुकीच्या माहितीवर उभा असेल. (तेव्हापासून या शस्त्रक्रियेत पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत, मूतखड्याच्या रुग्णांनी हे आकडे घेऊन आपल्या डॉक्टरांशी भांडू नये.)

कायदाही इथे नकळत संख्याशास्त्राच्या अंगणात येऊन उभा राहतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला. निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिलेल्या ४४ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजकोश ती भुलीखाली असतानाच काढले गेले होते, आणि त्यासाठी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली गेली होती. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य असेल तर नातेवाइकाची सही चालणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्याकडे ‘घरच्यांना विचारून घ्या’ ही पद्धत इतकी अंगवळणी पडलेली आहे की हा निकाल प्रत्येक निवासी डॉक्टरने मुळातून वाचावा. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय, ठळक धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम डॉक्टरने सांगावेत. अतिशय दूरचे, क्वचित घडणारे धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही. आता ‘दूरचा’ धोका म्हणजे किती? शंभरात एक? दहा हजारांत एक? आधीच एकच डोळा शाबूत असलेल्या माणसाला दृष्टी जाण्याचा हजारात एक हा धोका दूरचा नसतो. हे ठरवायला डॉक्टरला आकडाही माहीत हवा आणि समोरचा माणूसही.

तुलनेसाठी ठेवलेला दुसरा गट, म्हणजे नियंत्रण गट, हा या दोन विषयांचा सर्वांत कठीण सांधा आहे. त्याची उत्तम बाजू भारतातच दिसली. १९५० च्या दशकात क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवूनच बरे करता येते असे सर्वत्र मानले जाई, आणि आपल्याकडे तेवढ्या खाटा नव्हत्या. मद्रासमध्ये आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून १९३ रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने विभागणी केली : काही आरोग्यधामात, काही घरी, दोघांनाही तीच औषधे वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी, कोंदट खोल्यांत, कमी आहारावर राहिलेले रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना संसर्गाचा जास्तीचा धोका झाल्याचे आढळले नाही. जगभरातल्या क्षयरोग उपचारांची दिशा त्यानंतर बदलली. ती विभागणी समर्थनीय होती, कारण दोन्ही गटांना उपचार मिळत होते आणि दोहोंत सरस कोणता याची खरी खात्री कोणालाच नव्हती.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आणि अधिक अस्वस्थ करणारे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. वस्त्यांचे वीस समूह पाडले; दहा समूहांतल्या ७५,३६० स्त्रियांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केली जाणारी साधी तपासणी दर दोन वर्षांनी उपलब्ध करून दिली, आणि उरलेल्या दहा समूहांतल्या ७६,१७८ स्त्रियांना कर्करोगाविषयी माहिती दिली, तपासणी नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. टीकाकारांचा आक्षेप असा की अन्य देशांत तपासणीने मृत्यू घटतात हे दशकानुदशके माहीत असताना ७६ हजार स्त्रियांना तपासणीविना ठेवणे अयोग्य होते. संशोधकांची बाजू अशी की देशात त्या वेळी तपासणीचा कुठलाही कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे नियंत्रण गटाला जे मिळत होते तेच प्रचलित होते, आणि गर्भाशयमुखाच्या पेशींची पॅप तपासणी परवडत नसलेल्या देशात स्वस्त पद्धत चालते का हे सिद्ध करणे भाग होते. माणसांवरच्या संशोधनासाठीचा जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा नवी पद्धत सर्वोत्तम सिद्ध पद्धतीशी ताडून पाहावी असे सांगतो, आणि ‘सर्वोत्तम’ म्हणजे जगात उपलब्ध की वस्तीत उपलब्ध, यावर हा वाद अडतो. माझे मत विचाराल तर, तपासणीविना गट नसता तर ३१ हा आकडा इतक्या ठामपणे सांगता आला नसता, हे संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून मी मान्य करते. पण सरकारने काहीच केलेले नाही हे अभ्यासासाठी सोयीचे कारण होऊ लागले, की गरिबीच नियंत्रण गट बनते, आणि ते मला पटत नाही. निवासी डॉक्टरांसमोर हे उदाहरण ठेवले की वर्गात दोन तट पडतात. पडू द्यावेत.

पी-व्हॅल्यूबद्दल, म्हणजे खरा संबंध काहीच नसताना हाती आलेल्याइतका किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याच्या शक्यतेबद्दल, थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. अमेरिकन संख्याशास्त्र संस्थेने २०१६ मध्ये खास निवेदन काढून सांगितले की पी-व्हॅल्यू म्हणजे गृहीतक खरे असण्याची शक्यता नव्हे, आणि केवळ ०.०५ च्या उंबरठ्यावरून वैज्ञानिक निष्कर्ष काढू नयेत. आमच्याकडे मात्र प्रबंधाच्या शेवटी मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता, तयार झाला की तो ‘स्टॅटिस्टिशियनकडे टाकला’ जातो आणि ‘काही सिग्निफिकंट येतंय का बघा’ अशी विनंती होते. वय, लिंग, वजन, मधुमेह, धूम्रपान, हिमोग्लोबिन असे वीस स्तंभ एकामागून एक तपासले, तर कशाचाच कशाशी संबंध नसतानाही एखादा स्तंभ ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता आरोग्य तपासणीच्या पॅकेजइतकीच असते. सापडलेला तो एक स्तंभ मग निष्कर्ष म्हणून पहिल्या पानावर चढतो आणि उरलेले एकोणीस गप्प बसतात.

यावर उपाय म्हणून चिकित्सालयीन चाचण्यांची, म्हणजे रुग्णांवर उपचार पडताळून पाहणाऱ्या अभ्यासांची, नोंदणी आली. भारताची नोंदवही, सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी ती बंधनकारक झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते, मागाहून करता येत नाही. पदव्युत्तर प्रबंधांतल्या चाचण्याही तिथे नोंदवल्या जातात. आपण मुख्यतः काय मोजणार आहोत हे आधीच जाहीर केले, की शेवटी सोयीचा स्तंभ उचलता येत नाही. पण पुष्कळसे प्रबंध चाचणी नसून निरीक्षणात्मक अभ्यास असतात आणि नोंदणीच्या सक्तीतून सुटतात.

म्हणून आमच्या समितीने आराखड्यासोबत एक जादा पान मागायला सुरुवात केली आहे : मुख्य प्रश्न एकच कोणता, एल किंवा अपेक्षित फरक किती आणि तो का निवडला, संमती कोण, कुठे आणि कोणत्या वेळी घेणार, आणि रुग्ण कमी मिळाले तर काय लिहिणार. काही मार्गदर्शकांना ही नवी कटकट वाटते. त्यांचा एक आक्षेप मात्र बिनतोड आहे. नैतिकता समितीत वकील लागतो, समाजशास्त्रज्ञ लागतो, सामान्य नागरिक लागतो. संख्याशास्त्र जाणणारा माणूस लागतोच असे बंधन नाही. मी निवृत्त शिक्षिका म्हणून योगायोगाने तिथे आहे, आणि माझी मुदत संपल्यावर ते पान वाचणारे कोणी नसेल. सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागात संख्याशास्त्राच्या व्याख्यात्याचे पद असते, आणि तज्ज्ञ म्हणून त्यांना मताधिकाराविना बैठकीला बोलावण्याची मुभा आयसीएमआरच्या तत्त्वांतच दिलेली आहे. तसा ठराव मी सदस्य-सचिवांकडे दिला असून तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.